उलटं होऊन बघा, मग घ्या

प्रश्न : वयाच्या चाळिशीत मोठ्यांच्या जिम्नॅस्टिक्स वर्गाला जाऊ लागले आहे. कोलांटी, कार्टव्हील, भिंतीला टेकून हॅन्डस्टँड एवढंच चालतं. कपडे घ्यायला गुलमंडी पालथी घातली, तर दुकानदार विचारतो, ‘मुलीचं वय काय?’ आमच्यासारख्यांनी नेमकं काय घालावं? मला शिवणकाम येतं. असे कपडे शिवून वर्गातल्या बायकांना विकता येतील का?
— एक वाचक, गारखेडा, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : दुकानदाराचं फारसं चुकत नाही. आपल्याकडे लिओटार्ड, म्हणजे जिम्नॅस्टचा अंगासरशी एकसंध पोशाख, घेणारं गिऱ्हाईक बहुतेक शाळकरी वयाचं, म्हणून मापंही त्याच वयाची. पण हौशी वर्गात तुम्हाला लिओटार्ड लागतच नाही. स्पर्धेतसुद्धा महिलांना घोट्यापर्यंत पाय झाकणारा अखंड पोशाख चालतो. एप्रिल २०२१ मध्ये बाझेलच्या युरोपीय स्पर्धेत जर्मनीच्या महिला खेळाडूंनी तो घातला आणि त्याच वर्षी टोकियो ऑलिंपिकमध्येही. जिथे पदकं ठरतात तिथे चालतं, ते तुमच्या वर्गात का चालू नये?

आपण कपडे आरशासमोर सरळ उभं राहून निवडतो आणि या वर्गात डोकं खाली, पाय वर. म्हणून दुकानात तीन गोष्टी करून बघा. दोन्ही हात वर करून कमरेत वाका. टी-शर्ट सरकून पोट उघडं पडत असेल तर तो हॅन्डस्टँडमध्ये तोंडावर येणार. पूर्ण उकिडवं बसा. लेगिंगची कंबर मागून खाली आली किंवा ताणलेल्या कापडातून आतलं दिसलं तर ती परत ठेवा. मग एक पाय जमेल तितका बाजूला फाकवा; आसनात ओढ बसली तर तिथली शिवण पहिल्या महिन्यातच उसवेल.

वरचा कपडा अंगासरशी हवा. प्रशिक्षक कमरेला धरून आधार देतात, तेव्हा ढगळ कुडत्यात त्यांचा हात अडकतो आणि पकड सुटते. झिप, बटणं, लोंबती नाडी, पाठीवरची गाठ नको. कोलांटीत त्यावरूनच पाठ घासत जाते. मंगळसूत्र, बांगड्या, पिना घरी ठेवा. मोजेही नकोत, अनवाणी पायाला पकड चांगली मिळते.

कातडीची पकड कुठे लागते, हेही पाहायचं. मल्लखांबाला एरंडेल लावतात आणि खेळाडू लंगोट किंवा आखूड जांघ्यावर असतो, कारण लाकूड उघड्या मांड्यांनी धरायचं असतं. तुमच्या वर्गातही पुढे दांड्यावरचे प्रकार आले, तर गुळगुळीत, चकाकती लेगिंग त्यावर घसरेल. तिथे मॅट पोताचं कापड बरं.

आता कापड. सुती धागा हवेतला ओलावाच आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के धरून ठेवतो, पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा सुती टी-शर्ट घामाने जड होऊन अंगाला चिकटतो. नुसतं स्ट्रेचिंग असेल तर तो चालेल. उड्या असतील तर पॉलिस्टर किंवा नायलॉनमध्ये पंधरा-वीस टक्के इलॅस्टेन, म्हणजे बोलीभाषेतला लायक्रा, असलेलं आणि आडवं-उभं दोन्हीकडे ताणणारं कापड घ्या. पॉलिस्टरला घामाचा वास पटकन धरतो, म्हणून त्याच दिवशी गार पाण्यात धुवा. ब्लीच, गरम पाणी आणि गच्चीवरचं कडक ऊन यांनी लायक्राचा ताण मरतो, सावलीत वाळवा.

विक्रीचं विचाराल, तर जमेल. पण आधी हिशेब. असं विणलेलं कापड बहुधा किलोवर मिळतं. साठ इंच पन्ह्याचं, २२० जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला २२० ग्रॅम) कापड किलोला साधारण तीन मीटर भरतं. मोठ्या बाईच्या पूर्ण लांबीच्या लेगिंगला कंबरपट्ट्यासह सव्वा मीटरच्या आसपास लागेल. म्हणजे किलोत दोन लेगिंग आणि थोडं उरतं, त्यात दोन-चार कंबरपट्टे. याहून पातळ कापड स्वस्त पडेल, पण उकिडवं बसल्यावर पारदर्शक होईल.

साध्या मशिनची सरळ टीप ताण पडला की तटकन तुटते. ओव्हरलॉक आणि फ्लॅटलॉक हव्यातच. ही मशिनं घरी नसतील तर टी-शर्ट शिवणाऱ्या कारखान्यातून तेवढं काम करून घ्या. सुई बॉलपॉइंट वापरा, नाहीतर कापडाला भोकं पडतात. आसनात शंकरपाळ्याच्या आकाराचा तुकडा घाला. पाय फाकवताना ताण एकाच शिवणीवर येत नाही.

माल भरून ठेवू नका. एस ते थ्री-एक्स-एल प्रत्येक मापाचा एक नमुना शिवा, काळा, नेव्ही आणि मरून एवढेच रंग ठेवा (फिक्या राखाडीवर घामाचे डाग उठतात), आणि मागणी आली की शिवा. नमुने स्वतःच्या लेगिंगवरून घालून बघायला द्या आणि वर सांगितलेल्या तिन्ही गोष्टी गिऱ्हाइकाकडून करून घ्या. ऑनलाइन फोटो बघून घेणाऱ्यांची मापं चुकतात आणि परतीचा खर्च नफा खातो. तुमच्याकडे मॅट आहे आणि गिऱ्हाईक त्यावरच उभं आहे, ही तुमची जमेची बाजू. मोठी मापं महाग लावू नका. मोठ्यांच्या वर्गात तीच खपतील. प्रशिक्षकांची परवानगी घ्या, पण त्यांच्याकरवी सक्ती करू नका.

२२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यांवर पाच टक्के जीएसटी आहे. आधी ही मर्यादा हजाराची होती. फक्त राज्यात माल विकत असाल आणि वर्षाची उलाढाल चाळीस लाखांच्या आत असेल, तर नोंदणी सक्तीची नाही. परराज्यात पाठवायचं ठरवलंत तर मात्र आधी कर सल्लागाराला विचारा. उद्यम नोंदणी विनामूल्य होते, ती करून ठेवा.

पहिली लेगिंग स्वतःसाठी शिवा. दोन महिने वर्गात घालून, रोज धुऊन तिची शिवण टिकली, तर तोच नमुना दुसऱ्यांना दाखवा आणि किती वेळा धुतलीत तेही सांगा.