हळू वाजवायची बेस

नांदगाव खंडेश्वरात बेस गिटार नवीन नाही. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात ती असतेच. पण माझ्या बेसच्या अंगावर एफच्या आकाराची दोन छिद्रं आहेत, आणि पोटावर टिचकी मारली तर पोकळ वाजतं. भजनी मंडळातल्या ढोलकीवाल्या काकांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "कायले घेतली बाप्पा हे पोकय?" काकांना तेव्हा नीट सांगता आलं नव्हतं. आता वाजवून वाजवून जे कळलं ते सांगतो.

१. ही बेस विजेशिवायही बोलते.
भरीव लाकडाची बेस अँपपासून सोडवली की जवळजवळ मुकी होते. हिचा आवाज मात्र खोलीत एकट्याला पुरेल इतका येतो. आमच्याकडे लाइट गेली की रियाज थांबत नाही. कोणती तार फ्रेटवर घासते, कोणतं बोट उगाच जोर लावतं, हे अँप बंद असतानाच ऐकू येतं.

२. तीन खुणांच्या बटनाला घाबरू नका.
माझी एपिफोनची जॅक कॅसडी आहे. कॅसडी म्हणजे जेफरसन एअरप्लेन या अमेरिकन बँडचा बेसवादक. गिब्सनची सत्तरच्या दशकातली लेस पॉल सिग्नेचर बेस त्याला आवडायची. ती बंद पडली, आणि १९९७ मध्ये एपिफोनने त्याच वळणाची बेस त्याच्या नावाने काढली. पिकअप एकच, तोही कमी रोधाचा, आणि शेजारी ५०, २५० व ५०० ओहमच्या खुणांचं फिरतं बटन. ५०० वर आवाज मोठा आणि जाड, म्हणून सगळे तिथेच थांबतात. माझं मत उलट आहे. ५० वर आवाज बारीक होतो, पण प्रत्येक स्वर स्वच्छ सुटा ऐकू येतो. कमी पडलेला आवाज मिक्सरवर वाढवता येतो, गढूळ झालेला तिथे निवळत नाही. कमी रोधाचा आणखी एक फायदा मंडपात कळतो. मिक्सर लांब असला की साध्या पिकअपचा वरचा, धारदार भाग लांबलचक वायर खाऊन टाकते. हिचा फारसा जात नाही.

३. काळी एकला मोकळ्या तारा कामाच्या नाहीत.
हे कोणत्याच पुस्तकात मला मिळालं नाही, कारण ती पुस्तकं पेटीच्या शेजारी बसून लिहिलेली नाहीत. बेसच्या चार तारा ई, ए, डी, जी. आमचे गायक सा धरतात काळी एक किंवा काळी दोनचा, म्हणजे सी शार्प किंवा डी शार्प. यातला सा किंवा पंचम एकाही मोकळ्या तारेवर नाही. आणि पोकळ बेसची खरी गंमत मोकळ्या तारेत आहे, तिथे सगळं पोट हलतं. उपाय सोपा आहे. चारही तारा अर्धा स्वर उतरवा. आता काळी एकचा सा तिसऱ्या तारेवर मोकळा मिळतो आणि पंचम दुसऱ्या तारेवर, सर्वांत जाड तार पहिली धरून. काळी दोन असेल तर सा थेट जाड तारेवर आणि मध्यम तिच्या शेजारी. माझ्या बेसची लांबी ३४ इंच, त्यामुळे उतरवूनही तार ढिली पडत नाही. पॉल मॅकार्टनीच्या व्हायोलिनसारख्या हॉफनरची लांबी ३० इंचांच्या आसपास, तिथे हे जपून करावं.
खंजिरी भजनासाठी ओळखला जाणारा मोझरीचा गुरुकुंज आश्रम आमच्याच जिल्ह्यात, तेव्हा हे भजन आमच्या कानात लहानपणापासून. खंजिरी वर किणकिणते, डग्गा खाली घुमतो. डग्गा आणि बेस एकाच जागेसाठी भांडतात, म्हणून डग्ग्याच्या घुमाऱ्यावर बेसने गप्प राहावं. सपाट वेटोळ्याच्या तारा लावल्या की बोटांची खरखर जाते आणि हे गप्प राहणं सोपं होतं.

४. बॉक्ससमोर उभं राहू नका.
पोकळ पोट स्पीकरचा आवाज परत पकडतं आणि घोंऽऽ सुरू होतं. दोन पावलं सरका, अंग थोडं वळवा. तरीही थांबलं नाही तर छिद्रांत फोमचे तुकडे बसवा. आवाज थोडा कोरडा होतो, पण कार्यक्रम पार पडतो.

५. मंडपातली घरघर सुरात नसते.
आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. जाड तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी ४९ हर्ट्झचा. (तारा उतरवल्या असतील तर चौथ्या फ्रेटवर.) घरघर चालू असताना हा स्वर धरला की सेकंदाला साधारण एक लाट येते, आणि वाजवणाऱ्याला वाटतं आपलीच तार उतरली. तार पिळू नका, आधी घरघर बंद करा. माइकला ओठ लागताच झिणझिण्या येत असतील, तर अर्थिंग नीट नाही. तिथे वाजवणं थांबवून इलेक्ट्रिशियनला बोलवा, यात लाज नाही.

६. कूलर आणि बेस एका खोलीत ठेवू नका.
मे महिन्यात वऱ्हाडात पारा ४४-४५ वर जातो. कोरड्या हवेत लाकूड आकसतं, फ्रेटची टोकं बोटाला टोचतात. पावसाळ्यात ते फुगतं, मान पुढे वाकते आणि तारा उंच होतात. कूलरजवळ हे दोन्ही ऋतू एकाच दिवसात येतात. मान सरळ करणारा ट्रस रॉड पाव वेढ्यापेक्षा जास्त फिरवू नका, रात्रभर तसंच राहू द्या, मग बघा.

डीजेच्या बरोबरीने वाजवायचं असेल तर पोकळ बेस घेऊ नका, भरीव घ्या; स्वस्त पडेल आणि भांडणार नाही. पेटी, तबला आणि एका माणसाचा गळा एवढंच सोबत असेल, तर माझ्या मते हिच्याइतकी शोभणारी दुसरी बेस नाही. घेण्याआधी दुकानात अँप बंद ठेवून वाजवून बघा.