चित्र जागा का सोडते?

समजा तुम्ही विज्ञान प्रदर्शनासाठी एक अहवाल संगणकावर तयार केला आहे. मुगाची काही रोपे साध्या पाण्यावर वाढवली, काही मिठाच्या पाण्यावर. दोन्हींचे आलेख आपापल्या मजकुराशेजारी नीट बसवले. मग प्रस्तावनेत चार ओळी वाढवल्या आणि कागद छापून घेतला. पाहता तो काय, साध्या पाण्याच्या मजकुराशेजारी मिठाच्या पाण्याचा आलेख! तपासणाऱ्याने त्यावरून कोणता निष्कर्ष काढावा?

आलेख हलला, असे आपण म्हणतो. खरे तर तो हललाच नाही. मजकूर खाली सरकला.

शिशाच्या खिळ्यांनी छपाई होत असे तेव्हा जुळारी चित्राचा ठोकळा चौकटीत ठेवी, भोवती खिळे जुळवी आणि सारे घट्ट आवळून टाकी. वर्ड प्रोसेसरमध्ये असे आवळलेले पान नसतेच. तेथे मजकूर म्हणजे अक्षरांचा एक लांबच लांब धागा. कागदाची रुंदी पाहून त्याच्या ओळी आणि ओळींची पाने संगणक पुन्हा पुन्हा पाडत असतो. म्हणून चित्राच्या बाबतीत खरा प्रश्न एकच : ते या धाग्यात कशाला बांधले आहे? या बांधणीला 'अँकर', म्हणजे नांगर, म्हणतात.

चित्र पानाला बांधले, तर मजकूर कोठेही जावो, ते पानावरच्या त्याच जागी राहते. वरची फजिती त्यामुळेच झाली. परिच्छेदाला बांधून 'मजकुराबरोबर सरकावे' अशी सूचना दिली, तर ते त्या परिच्छेदाच्या संगतीने सरकते. (मात्र तो परिच्छेद पुसला तर चित्रही जाते, हे ध्यानात ठेवा.) तिसरा प्रकार म्हणजे चित्राला चक्क एक अक्षर मानणे. 'इनलाइन' चित्र ते हेच. शाळेच्या अहवालासाठी माझी पसंती यालाच आहे.

अक्षर म्हटले की अक्षराचे नियम आले. ८ सेंटिमीटर उंचीचे चित्र म्हणजे ८ सेंटिमीटर उंचीची ओळ. पानाच्या तळाशी ५ सेंटिमीटर जागा उरली असेल, तर ओळ मधोमध तोडता येत नाही. चित्र पुढच्या पानावर जाते आणि मागे पांढरी जागा राहते. एक गंमत करून पाहा. वर्डमध्ये ओळीची उंची नेमकी १२ पॉइंट ठरवून टाका. ७२ पॉइंट म्हणजे १ इंच, तेव्हा ही ओळ जेमतेम ४ मिलिमीटरची झाली. आता चित्राची खालची एक पट्टीच तेवढी दिसेल! चित्र बिघडलेले नाही, ओळ ठेंगणी पडली आहे.

कोष्टकाचे दुखणे निराळे. रकान्यांची रुंदी 'आपोआप' ठेवली, तर एखादा लांबलचक शब्द आपला रकाना फुगवतो आणि शेजारच्यांना आकसावे लागते. त्यापेक्षा हिशोब आपणच करावा. ए-४ कागद २१ सेंटिमीटर रुंद असतो. दोन्ही बाजूंना अडीच सेंटिमीटर समास सोडला की उरतात १६. क्रमांकाला १.५, तारखेला २.५, उंचीला ३ आणि निरीक्षणाला ९ सेंटिमीटर द्या. बेरीज जुळली. कोष्टक दुसऱ्या पानावर जात असेल, तर पहिली आडवी ओळ 'प्रत्येक पानावर शीर्षक' म्हणून नेमा, आणि एकच नोंद दोन पानांत तुटू नये अशी सूचना द्या.

आणि 'स्पेस' किंवा 'एंटर' दाबून चित्र ढकलण्याची सवय मोडा. शाळेच्या संगणकावर तुमचा फाँट नसला की तो दुसरा घेतो, अक्षरांची रुंदी बदलते, ओळी वेगळ्या तुटतात आणि ढकललेले सगळे विस्कटते.

अहवाल पुरा झाला की त्याची एक प्रत करा, तिच्या आरंभी दहा रिकाम्या ओळी घाला आणि पाने उलटून पाहा. प्रत्येक आलेख अजून आपल्याच रोपांजवळ आहे ना?