उद्योगाची कल्पना : शोध गावातच

स्वयंरोजगाराचा विषय ग्रामपंचायतीच्या बैठकीत निघाला की दोन-तीन उत्तरे ठरलेली असतात. महिलांनी पापड-लोणची करावीत, तरुणांनी मोबाइल दुरुस्तीचे किंवा झेरॉक्सचे दुकान टाकावे, ज्यांच्याकडे थोडी जागा आहे त्यांनी कोंबड्या पाळाव्यात. यांपैकी कोणताही व्यवसाय वाईट नाही. परंतु एकाच गावातील चार बचत गट एकाच चवीचे लोणचे घालू लागले म्हणजे ते गटातील बायकांनीच एकमेकींकडून विकत घ्यावे अशी पाळी येते. कर्ज काढून आणलेले एखादे यंत्र गोणपाटाखाली झाकून ठेवलेले अनेक गावांत पाहावयास मिळते. ते बिघडलेले नसते. ते घेण्यापूर्वी त्यावरील मालाला गिऱ्हाईक कोण, हा प्रश्न कोणी विचारलेला नसतो, इतकेच. हप्ते मात्र चालू राहतात, आणि ते फेडता फेडता घरातील मंगळसूत्र गहाण पडते.

कल्पना सुचणे ही जन्मजात देणगी आहे, असा एक समज आहे. काव्याच्या बाबतीत तो कदाचित खरा असेल. लघुउद्योगाला लागणारी कल्पना मात्र बहुधा पाहण्यातून येते, आणि पाहणे शिकविता येते. शिक्षक, पंचायत सदस्य आणि विस्तार अधिकारी यांना हे काम गावात कसे करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

तक्रार नव्हे, तजवीज पाहा

ग्रामस्थांना ‘तुमच्या अडचणी सांगा’ असे म्हटले की रस्ता, पाणी आणि वीज यांची यादी मिळते. त्या अडचणी खऱ्या असल्या तरी त्यांचे निवारण सार्वजनिक यंत्रणेने करावयाचे असते. उद्योगाचे बीज त्यांच्याहून लहान गोष्टींत असते. लोक जेथे स्वतःच काहीतरी तात्पुरती तजवीज करून वेळ मारून नेत असतात, तेथे ते सापडते. स्वस्त धान्य दुकानासमोर माणसांच्या जागी चपलांची रांग लागलेली असते. पिठाच्या गिरणीत डब्यांची रांग असते आणि वीज केव्हा येईल याची वाट पाहत एखादी वृद्धा ओट्यावर बसलेली असते. फवारणीच्या पंपाची गळकी नळी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून आवळलेली असते. मळणी यंत्र मिळावे म्हणून शेतकरी पाच ठिकाणी फोन लावतो आणि सहाव्या ठिकाणी त्याला ‘परवा बघू’ असे उत्तर मिळते. ज्या अडचणीवर माणूस स्वतःचा वेळ, श्रम किंवा पैसा आधीच खर्च करीत आहे, ती त्याला खरोखर जाचते आहे, याचा याहून चांगला पुरावा दुसरा नाही.

पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांचे उदाहरण या दृष्टीने लक्षात घेण्यासारखे आहे. आपल्या आजोबांना विहिरीवरील पंप सुरू करण्यासाठी करावी लागणारी पायपीट त्यांनी पाहिली होती. शेतीपंपांना वीज रात्री-अपरात्री मिळणे, पंप घरापासून लांब असणे आणि अंधारात विंचू-सापाचे भय, ही महाराष्ट्रातील शेतकऱ्याची नित्याची स्थिती. मोबाइल फोनवरून पंप चालू-बंद करणारे ‘नॅनो गणेश’ हे उपकरण त्या निरीक्षणातून आकारास आले. ही अडचण काही एकट्या त्यांनाच दिसली नव्हती. लाखो शेतकरी ती रोज भोगत होते, आणि रोजचीच झाल्यामुळे ती कोणाला वेगळी जाणवत नव्हती.

गुजरातेतील वांकानेर येथील मनसुखभाई प्रजापती हे व्यवसायाने कुंभार. २००१ च्या भूकंपानंतर फुटलेल्या माठाचे छायाचित्र एका वृत्तपत्रात आले आणि त्याखाली ‘गरिबाचा फ्रिज फुटला’ अशा आशयाची ओळ होती. तिच्यावरून त्यांनी विजेविना चालणारे मातीचे शीतकपाट तयार केले. ओळ हजारोंनी वाचली असेल. परंतु माती, भट्टी आणि पाझर यांचे ज्ञान ज्याच्या हातात होते, त्यालाच तिच्यात वस्तू दिसली. निरीक्षण आणि हातातील कसब यांची गाठ पडावी लागते. गावात विचारमंथन करताना सुतार, लोहार, गवंडी, वायरमन आणि शिंपी यांना आवर्जून बोलवावे, असे सुचविण्याचे कारण हेच. एरवी अशा बैठकांत बोलणारेच पुष्कळ असतात.

कल्पना आणि तिचा स्वीकार

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांची कथा मराठी वाचकांना परिचित आहे, तथापि तिच्यातील एक भाग सहसा सांगितला जात नाही. १८८८ मध्ये बेळगावात सायकलींच्या व्यवसायाने आरंभ झाला. पुढे कडबा कापण्याचे यंत्र आले आणि १९०३ मध्ये लोखंडी नांगर. लाकडी नांगराने जमीन खोल उकरली जात नाही, हे निरीक्षण अचूक होते आणि वस्तूही उत्तम होती. तरीही शेतकरी ती घेईनात. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी त्यांची समजूत होती. विक्री सुरू होण्यास बराच काळ जावा लागला. वस्तू जशी पाहावयाची तशीच माणसाच्या मनातील शंकाही पाहावयाची असते. ती अडाणीपणाची म्हणून हसण्यावारी नेली, तर नुकसान विकणाऱ्याचेच होते. किर्लोस्करवाडी वसली ती १९१० मध्ये, म्हणजे या चिकाटीनंतर.

१५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास सुरुवात केली आणि पहिल्या दिवशी चार पाकिटे तयार केली. ‘श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड’ या संस्थेचा हा आरंभ. पहिल्याच पावसाळ्यात ऊन नसल्यामुळे काम चार महिने बंद ठेवावे लागले. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला. पापड खाटेवर पसरावयाचे, खाली स्टोव्ह पेटवावयाचा, की ते पावसातही वाळतात. यात नवे तंत्रज्ञान काहीच नव्हते. परंतु गिऱ्हाईक चार महिने तुटणार नाही, याची सोय झाली. लिज्जतचे यश सांगताना आकड्यांचा उल्लेख फार होतो, या खाटेचा होत नाही.

आठवड्याची निरीक्षण-वही

आता प्रत्यक्ष पद्धतीकडे वळू. इयत्ता आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांचा एक गट आणि दोन-तीन बचत गटांतील महिला एवढ्यांवर काम सुरू होऊ शकते. प्रत्येकाने सात दिवस एक साधी वही ठेवावी. तीत चार रकाने पुरेत : काय पाहिले, कोणाच्या बाबतीत, किती वेळा, आणि तो माणूस सध्या काय करून भागवितो. मत, उपाय किंवा सूचना लिहावयाची नाही. ही बंदी कडकपणे पाळावी, कारण उपाय सुचला की डोळे मिटतात.

ठिकाणे गावातलीच असावीत. एस. टी. थांबा, आठवडा बाजार, दूध संकलन केंद्र, गिरणी, प्राथमिक आरोग्य केंद्र ही त्यांपैकी काही. तेच ठिकाण निरनिराळ्या वेळी पाहणे महत्त्वाचे. आठवडा बाजार सकाळी पाहिला तर तेथे भाजी ताजी दिसते. दिवेलागणीला पाहिला तर उरलेल्या टोमॅटोंचे ढीग आणि मातीमोल भावाने ते देऊन टाकणारी विक्रेती दिसते. शिवाय मुलांना एक दिसते आणि मुलींना दुसरे. बाजारात दिवसभर बसणाऱ्या अनेक बायका स्वच्छतागृहाअभावी पाणीच पीत नाहीत, ही गोष्ट पुरुषांच्या वहीत येणे कठीण. सशुल्क स्वच्छतागृह चालविण्याचे काम एखाद्या गटाने पंचायतीकडून घ्यावयाचे झाले, तर त्याची सुरुवात अशा एका नोंदीपासूनच होईल.

शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम स्थापन केला. शाळेतील मुलांनी हाताने काम करीत, गावाला उपयोगी पडणाऱ्या सेवा देत शिकावे, ही तेथील शिक्षणाची दिशा. वेल्डिंग, विजेची जोडणी, शेती, अन्नप्रक्रिया ही कामे करणाऱ्या विद्यार्थ्याला कोणत्या वस्तूला मागणी आहे, हे पुस्तकाशिवाय कळू लागते. ज्या शाळांना कार्यानुभवाच्या तासाचे काय करावे असा प्रश्न पडतो, त्यांनी हा प्रयोग अभ्यासावा.

वह्या भरल्या की विचारमंथनाची बैठक घ्यावी. या पद्धतीचे नियम अमेरिकन जाहिरात-व्यावसायिक ॲलेक्स ऑस्बॉर्न यांनी मांडले. त्यांचे ‘अप्लाइड इमॅजिनेशन’ हे पुस्तक १९५३ चे. बैठकीत कोणाच्याही कल्पनेवर टीका करू नये, विचित्र कल्पनांचेही स्वागत करावे, संख्या वाढवावी, आणि दुसऱ्याच्या कल्पनेत भर घालावी, हे त्यांचे चार नियम. तथापि १९५८ मध्ये येल विद्यापीठात झालेल्या एका प्रयोगात असे दिसून आले की, एकत्र बसलेल्या गटापेक्षा तितकीच माणसे एकेकटी विचार करतात तेव्हा कल्पना अधिक निघतात. आपल्या गावांत तर हे अधिकच खरे ठरावे. सरपंच किंवा मुख्याध्यापक पहिल्यांदा बोलले की उरलेल्यांची कल्पना त्यांच्याच दिशेने वाहू लागते, आणि सासू समोर असेल तर सून तोंड उघडत नाही. म्हणून प्रथम प्रत्येकाने कागदाच्या चिठ्ठीवर, नाव न घालता, आपल्या कल्पना लिहाव्यात. लिहिता न येणाऱ्यांसाठी विद्यार्थ्यांनी लिहून घ्याव्यात. सर्व चिठ्ठ्या वाचून झाल्यावरच चर्चा, आणि चर्चेत गावातील प्रतिष्ठितांनी सर्वांत शेवटी बोलावे. हा एवढा बदल केला तरी बैठकीचा नूर पालटेल.

हिशेब मांडा

टीका न करण्याचा नियम पहिल्या बैठकीपुरता. दुसऱ्या बैठकीत पेन्सिल घेऊन बसावयाचे असते. फवारणी पंपाच्या दुरुस्तीचेच उदाहरण घेऊ. समजा, गावात १५० पंप आहेत. प्रत्येक पंप वर्षातून एकदा बिघडतो आणि दुरुस्तीचे २०० रुपये मिळतात. वर्षाची जमा ३०,००० रुपये, म्हणजे महिन्याला २,५००. त्यातून सुट्या भागांची किंमत वजा जाणार. याच्यावर कोणाचा संसार चालणार नाही. गरज खरी आहे, पण गाव लहान पडते. आजूबाजूची चार गावे जोडली तर जमा दीड लाखावर जाते, पण दुचाकीचे पेट्रोल आले. आणि काम खरीप-रब्बीच्या फवारणीपुरतेच असल्याने उरलेल्या महिन्यांत मिक्सर, पंखे किंवा विजेच्या मोटारी हाती घ्याव्या लागतील. असा हिशेब अर्ध्या तासात होतो. तो न करता कर्जाचा अर्ज भरण्याची घाई करणे, हे धाडस नव्हे. बरेच उपक्रम येथेच गळतील. कर्ज घेण्याआधी गळणे हे केव्हाही चांगले.

ॲप हवेच का?

हल्ली तरुणांच्या चिठ्ठ्यांत ‘ॲप’ हा शब्द हटकून येतो. त्यात गैर काही नाही. शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद स्वतःच छायाचित्रासह करावी, या हेतूने ई-पीक पाहणीचे ॲप १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर आले. एका तलाठ्याने अनेक गावांच्या बांधावर जाऊन पिके पाहणे किती अवघड होते, हे निरीक्षण त्यामागे होते. परंतु गिरणीतले दळण झाले की निरोप देण्यासाठी वेगळे ॲप कशाला हवे? गिरणीवाल्याने व्हॉट्सॲपवर एक ओळ पाठविली किंवा नुसता एक फोन लावला तरी वृद्धेची ओट्यावरची बैठक चुकते. मळणी यंत्रांची पाळी लावण्याचे काम महिनाभर एका वहीत आणि एका फोनवर करून पाहावे. ते तसे चालले आणि पाच गावांचे फोन सांभाळणे अशक्य झाले, तर ॲपचा विचार करावा.

केनियातील अनुभव याच दिशेचा आहे. तेथे २००५ मध्ये लहान कर्जांचे हप्ते मोबाइलवरून फेडण्याचा प्रयोग सुरू झाला. प्रयोगातील लोक ती सोय एकमेकांना पैसे पाठविण्यासाठी वापरू लागले. चालकांनी ते पाहिले, मूळ बेत बाजूला ठेवला आणि २००७ मध्ये घरी पैसे पाठविण्याची सेवा म्हणून ‘एम-पेसा’ सुरू केली. ती साध्या हँडसेटवरही चालत असे. लोक आपली वस्तू योजल्याप्रमाणे न वापरता भलतीच वापरू लागले, तर त्यांना ‘चुकता आहात’ असे सांगण्यापूर्वी वही उघडावी.

एक सावधगिरीची सूचना येथेच केली पाहिजे. गावकऱ्यांचे फोन क्रमांक, आधार किंवा जमिनीची माहिती गोळा करणारा कोणताही उपक्रम संमतीशिवाय चालवू नये. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा देशात २०२३ मध्ये झाला आहे. अन्नपदार्थ विकणाऱ्यांनी अन्नसुरक्षा नोंदणी आणि वजनकाट्याचे मुद्रांकन विसरू नये. ही कामे प्रथम विक्रीपूर्वीच उरकावीत.

हिशेबातून उरलेली कल्पना प्रथम उधारी-उसनवारीशिवाय, असलेल्या साधनांवर, एका बाजारापुरती करून पाहावी. ओळखीच्या दहा माणसांनी ‘छान आहे’ म्हटले याला महत्त्व देऊ नये. अनोळखी तिघांनी पैसे मोजले आणि दुसऱ्या आठवड्यात ते पुन्हा आले, याला द्यावे. त्यानंतर जिल्हा उद्योग केंद्राची पायरी चढावी. ही केंद्रे १९७८ पासून कार्यरत आहेत. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम २००८ पासूनचा आणि राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम २०१९ पासूनचा. त्यांतील प्रकल्प मर्यादा, अनुदान आणि अटी वेळोवेळी बदलतात, म्हणून ऐकीव माहितीवर विसंबून न राहता केंद्रातच चौकशी करावी, आणि जाताना प्रकल्प अहवालासोबत ती निरीक्षण-वही व पहिल्या विक्रीच्या नोंदीही न्याव्यात. बँकेच्या अधिकाऱ्यालाही त्या उपयोगी पडतील.

नाकारलेल्या कल्पनांच्या चिठ्ठ्या फेकू नयेत. त्या तारखेसह एका पाकिटात घालून शाळेच्या ग्रंथालयात ठेवाव्यात. यंदा गावात रस्ता नाही म्हणून नाकारलेली कल्पना रस्ता झाल्यावर चालू शकते, आणि पुढच्या वर्षीच्या आठवीच्या मुलांना सुरुवात करण्यासाठी काहीतरी हाताशी असते.