मत्स्यशेती आणि प्रतिजैविके

समुद्रात जाळ्यांचे पिंजरे टांगून त्यांत सामन जातीचे मासे वाढविणे हा नॉर्वेतील एक प्रमुख व्यवसाय होय. एका पिंजऱ्यात सहस्रावधी मासे दाटीने राहत असल्याने एकास जडलेला जंतुरोग पाण्यावाटे इतरांत त्वरित फैलावतो. अशा वेळी प्रतिजैविक औषध खाद्यात मिसळून देतात. परंतु रोगी माशाची भूक मंदावते आणि ज्यास औषधाची सर्वाधिक गरज असते, त्याच्याच पोटात ते कमी जाते. उरलेले औषधयुक्त खाद्य तळाशी साचते व तेथे औषधास न जुमानणारे जंतू बळावतात. ऑक्सिटेट्रासायक्लीनसारखी औषधे मनुष्याच्या उपचारांतही लागत असल्याने ही हानी केवळ मत्स्यशेतीपुरती राहत नाही.

१९८७ साली नॉर्वेच्या मत्स्यशेतीत सुमारे ४८ टन प्रतिजैविके खर्ची पडली. पुढे मृत जंतूंपासून तयार केलेली लस गोड्या पाण्यात वाढलेल्या प्रत्येक पिलाच्या उदरात टोचून मगच त्यास समुद्रात सोडण्याची पद्धत रूढ झाली. १९९६ साली औषधांचा खप सुमारे १ टनावर आला. माशांचे उत्पादन मात्र तेवढ्या अवधीत कित्येक पटींनी वाढले होते. रोग लशीने टाळता आला, की प्रतिजैविके प्रत्यक्ष गरजेपुरतीच द्यावी लागतात आणि त्यांचा गुणही अधिक काळ टिकतो.