‘उतरली की उठेल’ म्हणू नका

दारू प्यायलेल्या माणसाला पडल्यावर कमी लागते, असा समज आहे. तो चुकीचा आहे. दुखणे कमी जाणवते, इजा मात्र जास्त होते. धुळे–सोलापूर महामार्गावर बीडजवळ दुचाकी घसरली, तर शुद्धीवरचा माणूस हात टेकून डोके वाचवू पाहतो. नशेत हात उशिरा हलतो आणि डोके रस्त्यावर आपटते. दारूमुळे रक्तही लवकर गोठत नाही.

मेंदूतला रक्तस्राव आणि नशा वरून सारखेच दिसतात : बरळणे, तोल जाणे, गुंगी. म्हणून डोक्याला मार लागलेल्याला घरी झोपवू नका. १०८ ला फोन करा. बेशुद्धीत उलटी होत असेल, तर मान न मुरगळता सगळे अंग एकदम कुशीवर वळवा. दारू घेतल्याचे डॉक्टरांपासून लपवू नका.

कायदा वाहनचालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपर्यंत अल्कोहोल चालवून घेतो. पाचवे शील थेंबभरही नाही. बाबासाहेबांनी १९५६ साली नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. वंदनेत म्हटलेले हे शील गाडीची चावी हातात घेतानाही आठवावे.

जय भीम!