समाजमाध्यमे, विद्यार्थी आणि कालाम सुत्ताची कसोटी



परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' हे पाक्षिक सुरू केले. त्या वेळी पैसे देण्याची तयारी असूनही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही. पुढे 'बहिष्कृत भारत' (१९२७), 'जनता' (१९३०) आणि 'प्रबुद्ध भारत' (१९५६) ही पत्रे निघाली. पैशांची अडचण तर पाचवीला पुजलेली होती. तरीही बाबासाहेबांनी हा खटाटोप केला, कारण ज्या समाजाला स्वतःचे पत्र नाही तो समाज मुकाच राहतो, हे त्यांनी ओळखले होते.

आज महाविद्यालयात जाणाऱ्या प्रत्येक मुलामुलीच्या खिशात छापखाना आहे. जे साधन मिळविण्यासाठी आपल्या पूर्वजांनी एवढे कष्ट उपसले, त्याचा आपण काय उपयोग करतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

१) माध्यम तशी सवय

मागील पावसाळ्यात एका रविवारी वंदनेनंतर विहारात विद्यार्थ्यांशी चर्चा झाली. प्रश्न साधा होता : तुम्ही कोणते समाजमाध्यम वापरता आणि का? एकाने सांगितले, "फेसबुक काका-मामांचे, इन्स्टाग्राम आमचे." स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा दुसरा म्हणाला, "टेलिग्रामवर नोट्स मिळतात, तेवढ्यापुरते मी जातो." एक विद्यार्थिनी म्हणाली, "व्हॉट्सॲप सोडताच येत नाही, कॉलेजच्या सूचना तिथेच येतात." मग मी विचारले, दिवसाचा किती वेळ जातो? तिने अंदाजे दीड तास सांगितला. फोनमध्ये वापराची नोंद असते, ती उघडून पाहिली तेव्हा आकडा दुपटीहून अधिक निघाला. सगळे हसले, पण नंतर एकेकाने आपापला फोन हळूच उघडून पाहिला.

या वेळेचा हिशेब समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. ऑर्कुट आणि फेसबुक ही दोन्ही संकेतस्थळे २००४ साली सुरू झाली. फेसबुकचा जन्म तर अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात, विद्यार्थ्यांच्याच हातून झाला. आमच्या पिढीने ऑर्कुट पाहिले ते सायबर कॅफेत. तासाचे पैसे मोजावे लागत आणि वेळ संपली की उठावे लागे. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि उठविणारे कोणी उरले नाही. जून २०२० मध्ये भारतात टिकटॉकवर बंदी आली, पाठोपाठ जुलैमध्ये इन्स्टाग्रामने रील्स आणल्या. एका रीलवरून बोट सरकविले की लगेच दुसरी पुढे येते, म्हणजे थांबण्याची जागाच ठेवलेली नाही.

हे असे का? ही माध्यमे वापरायला फुकट आहेत, त्यांचे उत्पन्न मुख्यतः जाहिरातींचे आहे. आपण जितका वेळ पाहू तितक्या जाहिराती अधिक. बँकेच्या खिडकीवर बसणाऱ्या माणसाला एवढे नक्की कळते, की ज्याचे पैसे घेतले जात नाहीत त्याचेही मोल कोणीतरी देतच असते. येथे ते आपण आपल्या वेळेने देतो.

२) फॉरवर्डची किंमत

वेळ गेला तर आपला गेला. परंतु खोटा संदेश पुढे गेला तर दुसऱ्याचा जीव जातो. १ जुलै २०१८ रोजी आपल्या शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील, भिक्षा मागून पोट भरणारे लोक होते. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याचे संदेश त्यापूर्वी मोबाईलवर फिरत होते. मारले गेले ते गरीब, बिनओळखीचे, ज्यांची बाजू घ्यायला गावात कोणी नव्हते असे. अफवेचा पहिला बळी असाच माणूस ठरतो, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल अशी मर्यादा घातली. पण पाच म्हणजेही थोडे नाहीत. त्या पाचांनी पुढे पाच-पाच ठिकाणी पाठविला की पंचवीस होतात.

दुसऱ्याला उपदेश करण्याआधी स्वतःची चूक सांगतो. 'शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत वाढली' असा एक संदेश मला आला. मुलांचे भले होईल म्हणून मी तो वस्तीच्या गटावर पाठविला. महाडीबीटीचे संकेतस्थळ उघडून पाहिले नाही. संदेश खोटा होता. आमच्या ओळीतल्या एका मुलाने माझ्यावर विश्वास ठेवून अर्ज थांबविला आणि त्याचे ते वर्ष हुकले. त्याची आई मला एका शब्दाने बोलली नाही. ते अधिक लागले. त्याची फी आम्ही काही जणांनी मिळून भरली, पण माझा हेतू चांगला होता, हे कारण त्या माऊलीपुढे सांगायला माझी जीभ उचलली नाही.

३) तथागतांची कसोटी

केसपुत्त नगरीतील कालामांनी तथागतांना विचारले होते, की प्रत्येक उपदेशक आपलेच खरे म्हणतो, मग आम्ही कोणाचे मानावे? तथागतांच्या उत्तराचा आशय असा, की ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, ग्रंथात आहे किंवा गुरू सांगतो एवढ्यावरून काही मानू नका. ते अहिताचे आहे की हिताचे, सुज्ञ त्याची निंदा करतात की प्रशंसा, हे स्वतः जाणून घ्या आणि मग स्वीकारा अथवा सोडा. आजचा संदेश ऐकीवच असतो. म्हणून पुढे पाठविण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी चार प्रश्न विचारावेत :

(अ) हे मुळात कोणी सांगितले? नाव व तारीख आहे काय?
(आ) मूळ ठिकाणी, म्हणजे शासनाच्या किंवा विद्यापीठाच्या संकेतस्थळावर, मी स्वतः पाहिले काय?
(इ) हे खोटे निघाल्यास नुकसान कोणाचे?
(ई) हे वाचून मनात द्वेष वाढतो की समज?

आपल्या चौथ्या शीलात खोटे बोलण्यापासून दूर राहण्याचा निश्चय आहे. आपण तोंडाने बोललो नाही, केवळ बोटाने पुढे ढकलले, म्हणून शील पाळले गेले असे होत नाही.

हीच कसोटी आपल्या घरातही लावली पाहिजे. जयंतीच्या दिवसांत बाबासाहेबांच्या नावाने कितीतरी वचने फिरतात. त्यांतील काही त्यांची नसतात. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर : लेखन आणि भाषणे' हे खंड प्रसिद्ध केले आहेत. कोणता खंड, कोणते पान, हे विचारण्याची सवय लावा. सांगता आले नाही तर पुढे पाठवू नका. बाबासाहेबांचे नाव घेऊन असत्य पसरविणे हा त्यांचा आदर नव्हे.

४) आपण काय करावे?

माध्यमे सोडून द्या, असे मी म्हणणार नाही. ते शक्यही नाही आणि शहाणपणाचेही नाही. प्रत्येक वस्तीत दोन-तीन विद्यार्थ्यांनी जबाबदारी घ्यावी. शिष्यवृत्ती, प्रवेश आणि भरती यांच्या सूचना मूळ ठिकाणी पाहूनच गटावर टाकाव्यात व खाली आपले नाव लिहावे. नाव लिहिले की हात आपोआप जपून चालतो. ज्येष्ठांनी अशा मुलांना "तू काय शिकवतोस?" असे म्हणून गप्प करू नये. रोजच्या वापरातील केवळ अर्धा तास वाचला तरी वर्षाला १८० तासांहून अधिक होतात. तेवढ्या वेळात बाबासाहेबांचा एक खंड निश्चित वाचून होईल.

बाबासाहेबांनी मुक्यांना वाचा दिली. ती वाचा सम्यक ठेवणे हे आपल्या पिढीचे काम आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!