केरसुणी, धान्याची धूळ आणि दमा

दमा हा घराण्यातून येतो किंवा थंड हवेने बळावतो, अशी आपल्या समाजात सर्वसाधारण समजूत आहे. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. प्रौढ वयात ज्यांना दमा जडतो, त्यांपैकी सुमारे सोळा टक्के लोकांच्या बाबतीत त्यांच्या कामधंद्याचा त्यात हात असतो, असा अंदाज अमेरिका व युरोप येथील श्वसनरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी २०१९ साली संयुक्तपणे प्रसिद्ध केला. ज्यांच्या वखारीत, दुकानात आणि घरात चार माणसे पोटासाठी राबतात, त्या आपणा व्यापारी मंडळींना हा विषय परका म्हणता येणार नाही.

ही गोष्ट आजकालची नव्हे. इ. स. १७०० मध्ये बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने कामकऱ्यांच्या रोगांवर एक ग्रंथ लिहिला. धान्य चाळणारे व मापणारे यांना त्या धुळीने खोकला व दमा जडतो, हे त्यात त्याने नोंदविले आहे; आणि रोग्याला त्याचा धंदा कोणता हे वैद्याने अवश्य विचारावे, असा उपदेशही केला आहे. आज तीनशे वर्षांनंतरही तो प्रश्न पुष्कळ दवाखान्यांतून विचारावयाचा राहून जातो.

कामातून उद्भवणारा दमा दोन वाटांनी येतो. पहिली वाट सावकाश असते. पीठ, धान्याची धूळ, इसबगोलाचा भुसा, काही लाकडांचा भुसा, मोटारींच्या फवारारंगांतील आयसोसायनेट यांसारखा एखादा पदार्थ रोज श्वासावाटे आत जातो, आणि काही आठवड्यांनी, कधी काही वर्षांनी, शरीर त्याला शत्रू मानू लागते. एकदा तसे झाले की त्या पदार्थाचा अल्पसा अंशही श्वासनलिका आवळण्यास पुरतो. म्हणूनच ‘इतकी वर्षे हेच काम करतो आहे, आताच कसा त्रास होईल ?’ हा युक्तिवाद टिकत नाही. दुसरी वाट दाहाची. क्लोरीनसारख्या तिखट वायूचा एकच मोठा झोत, किंवा सौम्य वाफांचा नित्याचा मारा, श्वासनलिकेच्या आतील अस्तर दुखावतो.

धुळीची व्याप्ती कोठवर जाते, याची दोन उदाहरणे व्यापाऱ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहेत. अमेरिकेतील टोलेडो शहरी एरंडेलाच्या गिरणीतून उडणाऱ्या धुळीने आसपासच्या रहिवाशांना दमा होत असल्याचे तेथील डॉक्टरांनी १९२८ साली दाखवून दिले. स्पेनमधील बार्सिलोना येथे १९८१ ते १९८७ या काळात दम्याच्या सव्वीस साथी उद्भवल्या. एकेका दिवशी रुग्णालयांत रोग्यांची रीघ लागे. शोधाअंती आढळले की, ते दिवस बंदरात सोयाबीन उतरविण्याचे होते. कोठाराला धूळ अडविणाऱ्या गाळण्या बसविल्या, आणि साथी थांबल्या.

आता सफाईचे काम करणाऱ्यांकडे वळू. त्यांना धुळीबरोबरच विरंजक द्रावण, संडास धुण्याचे ॲसिड, अमोनिया आणि जंतुनाशके यांच्याशी रोज गाठ पडते. वीस वर्षे चाललेल्या, सहा हजारांहून अधिक लोकांच्या एका युरोपीय पाहणीचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. साफसफाई करणाऱ्या स्त्रियांची फुप्फुसशक्ती इतर स्त्रियांपेक्षा अधिक वेगाने घटते, मग ती सफाई मजुरीची असो वा स्वतःच्या घरातील, असे तीत दिसून आले. त्याआधी २००७ साली दहा युरोपीय देशांतील पाहणीत, आठवड्यातून एकदा तरी फवाऱ्याची द्रावणे वापरणाऱ्यांत दम्याचे प्रमाण अधिक आढळले होते. तेव्हा हा प्रश्न मोलकरणीइतकाच गृहिणीचाही आहे.

रोग ओळखावा कसा ? कामाच्या दिवसांत खोकला, छातीत सुरसुर, धाप; आणि सुटीच्या दिवशी किंवा गावी गेल्यावर उतार, ही त्याची मुख्य खूण. पुष्कळदा त्रास कामावर न होता संध्याकाळी वा रात्री घरी होतो, म्हणून कामाचा संशय येत नाही. अशा वेळी डॉक्टरांच्या सल्ल्याने फुंकर मोजण्याचे छोटे यंत्र वापरून दिवसातून चार वेळा, कामाच्या व सुटीच्या दिवशीही, काही आठवडे नोंद ठेवावी. रोजमेळाची सवय असलेल्या आपल्या मंडळींना हे जड जाऊ नये. निदान होण्यापूर्वी मात्र माणसाला कामावरून काढू नये. काम सुटले की पुरावाही सुटतो.

प्रतिबंधाचे उपाय फार खर्चाचे नाहीत. वखार कोरड्या केरसुणीने झाडण्याऐवजी धूळ ओढून घेणारे यंत्र वापरावे; धान्याजवळ ओल चालत नाही, पण दुकानाची व घराची फरशी ओल्या फडक्याने पुसता येते. चाळणे व पोती झटकणे ही कामे मोकळ्या हवेत करावीत. विरंजक द्रावणात ॲसिड वा अमोनिया कदापि मिसळू नये. ॲसिडाने क्लोरीन वायू निर्माण होतो, आणि १९१५ साली ईप्र येथील रणांगणावर सैनिकांवर सोडला गेला तो हाच. अमोनियाने होणारा वायूही असाच घातक असतो. द्रावण हवेत फवारण्यापेक्षा फडक्यावर ओतावे. तोंडाला बांधलेला रुमाल सूक्ष्म धूळ अडवीत नाही. धुळीच्या कामाला एन-९५ जातीचा मास्क द्यावा, पण तो वायूंना रोखत नाही हेही सांगावे.

सर्वांत कठीण भाग पुढेच आहे. शत्रू बनलेल्या पदार्थापासून माणूस जितक्या लवकर दूर होईल, तितकी सुधारण्याची आशा अधिक. वर्षे लोटल्यावर काम सोडूनही दमा कायम राहण्याचा संभव असतो. परंतु हमाल किंवा झाडणारी बाई खोकला लपविते, कारण बोलले तर रोजी जाईल ही भीती. ही भीती औषधाने जात नाही. ती मालकाच्या शब्दानेच जाते. ‘सांगितलेस तर काम बदलून देऊ, पगार कमी करणार नाही,’ एवढे आश्वासन आपल्या पेढीवर आधीच दिलेले असावे. धान्याला कीड लागली की नाही हे पाहण्यास आपण रोज पोत्यात हात घालतो. ते पोते वाहणाऱ्याच्या श्वासाचीही तितक्याच नियमाने विचारपूस व्हावी, अशी आमची सर्व सभासद बंधुभगिनींना विनंती आहे.